दोन लाख साठ हजार की पंधरा लाख?

२०२३च्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या मंडळाने मला गळ घातली, की संध्याकाळच्या आरतीआधी मुलांना 'आदित्य'बद्दल दहा मिनिटं काहीतरी सांगा. निमित्त झकास होतं. गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि त्याच दिवशी पहाटे दोनच्या सुमारास इस्रोच्या आदित्य एल१ या सूर्य अभ्यासणाऱ्या यानाने पृथ्वीभोवतीच्या घिरट्या संपवून पुढची वाट धरली होती. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून कसाबसा वेळेवर पोचलो, माइक हातात घेतला आणि सगळे सांगतात तेच सांगितलं. सूर्य यानाला आपल्याकडे ओढतो, पृथ्वी आपल्याकडे ओढते, दोघांची ओढ जिथे सारखी होते ती जागा म्हणजे एल१. रस्सीखेचीत दोरीला मधोमध बांधलेला रुमाल जसा जागच्या जागी थरथरतो, तसं यान तिथे राहतं. ही जागा आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर आहे. टाळ्या पडल्या.

प्रसाद वाटत असताना नववीतली एक मुलगी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून माझ्यासमोर उभी राहिली. "काका, सूर्याचं वस्तुमान पृथ्वीच्या ३,३३,००० पट ना? आणि ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते. म्हणजे ३,३३,०००चं वर्गमूळ काढायचं, ते आलं ५७७. पंधरा कोटी किलोमीटरला ५७७ने भागलं की दोन लाख साठ हजार येतात. मग तुमचे पंधरा लाख कुठून आले?"

मोदक माझ्या हातातच राहिला. तिचं गणित चोख होतं. सूर्याची आणि पृथ्वीची ओढ खरोखरच पृथ्वीपासून सुमारे २ लाख ६० हजार किलोमीटरवर सारखी होते. चंद्र त्याच्याही पलीकडे, ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. याचा अर्थ चंद्राला पृथ्वीपेक्षा सूर्यच जास्त जोराने, दुपटीहून थोडा अधिकच, ओढतो. रस्सीखेच खरी मानली तर चंद्र केव्हाच सूर्याच्या पदरात पडायला हवा होता. चूक रस्सीखेचीच्या दाखल्यात होती, आणि तो दाखला मी वर्षानुवर्षं बिनदिक्कत देत आलो होतो.

रस्सीखेचीत सगळे जमिनीवर पाय रोवून उभे असतात. अंतराळात कुणीच उभं नसतं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने पळते आहे आणि यानही पळतंच आहे. त्यामुळे यान कुठे थांबेल हा प्रश्नच गैरलागू आहे. ते पृथ्वीच्या पावलाशी पाऊल कुठे मिळवू शकेल, एवढाच खरा प्रश्न.

ठाणेकरांना हे तलावपाळीवर दाखवता येतं. मासुंदा तलावाच्या मधोमध महादेवाचं देऊळ आहे. तो आपला सूर्य. काठाने फेऱ्या मारणारी माणसं म्हणजे ग्रह. संध्याकाळी तिथे एक गृहस्थ दोन कुत्री घेऊन येतात. एक तरणं, ते कठड्याच्या बाजूने, म्हणजे आतून चालतं आणि सारखं पुढे पळू पाहतं. दुसरं म्हातारं, ते बाहेरच्या बाजूने रेंगाळतं. मालकाच्या दोन्ही हातांतल्या पट्ट्यांमुळे तिघं एका ओळीत राहतात. आतलं कुत्रं एल१वर आहे आणि बाहेरचं एल२वर.

आता आकड्यांत बोलू. पृथ्वीला फेरी पूर्ण करायला ३६५ दिवस लागतात. सूर्याच्या जितकं जवळ जावं तितकी ओढ जास्त, वेग जास्त आणि वाटही छोटी. पृथ्वीपेक्षा १५ लाख किलोमीटर आत, म्हणजे पंधरा कोटींतलं जेमतेम एक टक्का अंतर कमी करून यान सोडलं आणि पृथ्वी तिथे नाहीच असं धरलं, तर त्याची फेरी साधारण ३६० दिवसांत संपेल. दर वर्षी ते पाच दिवसांनी पुढे निघून जाईल. पण पृथ्वी आहे, आणि ती त्याला बाहेरच्या दिशेने ओढते आहे. किती? सूर्याच्या ओढीच्या अवघे तीन टक्के. सूर्याची पकड तेवढीच सैल होते. गोफण जितकी जोरात फिरवाल तितका दोरीला ताण जास्त हवा, आणि ताण कमी ठेवायचा तर सावकाश फिरवायला हवी. इथेही ताण तीन टक्क्यांनी कमी झाला की यानाला सावकाश फिरणं भाग पडतं, आणि ३६० दिवसांची फेरी बरोब्बर ३६५ दिवसांची होते. तीन टक्क्यांचा हा हिशेब १५ लाख किलोमीटरवरच जुळतो. पलीकडे, पृथ्वीच्या पाठीमागे तेवढ्याच अंतरावर, एकट्या यानाला ३७१ दिवस लागले असते. तिथे पृथ्वीची ओढ सूर्याच्या ओढीत भर घालते आणि रेंगाळणाऱ्याला वेळेवर आणते. तो एल२.

दुसऱ्या दिवशी तिला हे कागदावर मांडून दिलं. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे बॅलन्स नाहीये, मॅचिंग आहे." मराठी पुस्तकांतला 'संतुलन बिंदू' हा शब्द तेव्हापासून मला जरा खटकतोच. चंद्राचा उलगडाही यातच आहे. तो सूर्याभोवती पृथ्वीच्या जोडीनेच फिरतो, त्यामुळे सूर्य दोघांनाही जवळपास सारखाच वळवतो, आणि पृथ्वीला तेवढ्यात त्याला धरून ठेवता येतं.

असे बिंदू एकूण पाच. सूर्य-पृथ्वी रेषेवरचे तीन स्विस गणिती ऑयलरने शोधले, आणि उरलेले दोन लाग्रांज या गणितीने १७७२ साली कागदावर मांडले. 'एल' हे अक्षर त्याच्याच नावातलं. एल३ सूर्याच्या पार पलीकडे आहे. विज्ञानकथांना त्याचा उपयोग झाला, यानांना फारसा नाही. एल४ आणि एल५ मात्र विलक्षण आहेत. ते पृथ्वीच्याच कक्षेत, पृथ्वीच्या ६० अंश पुढे आणि ६० अंश मागे असतात. सूर्य, पृथ्वी आणि हा बिंदू मिळून समभुज त्रिकोण होतो. लाग्रांजला हे निव्वळ गणिताचं कौतुक होतं. १३४ वर्षांनी, १९०६मध्ये, माक्स वोल्फ या जर्मन खगोलशास्त्रज्ञाला गुरूच्या कक्षेत नेमका अशाच जागी एक लघुग्रह सापडला. त्याचं नाव अकिलीस ठेवलं. आज असे हजारो 'ट्रोजन' लघुग्रह माहीत आहेत, आणि त्यांच्याकडे निघालेलं नासाचं 'लूसी' यान २०२१पासून वाटेवर आहे.

एल४-एल५ना पुष्कळदा वाटीची उपमा देतात, की वस्तू घरंगळत येऊन तळाशी बसते. हीसुद्धा रस्सीखेचीच्याच जातकुळीतली चूक. पृथ्वीबरोबर फिरत पाहिलं तर ते बिंदू टेकडीच्या माथ्यासारखे आहेत. तिथून वस्तू खाली सुटायला लागते खरी, पण सगळी चौकटच फिरत असल्यामुळे तिची वाट वळते, वळत राहते, आणि ती माथ्याभोवतीच घोटाळत राहते. जत्रेतल्या फिरत्या चक्रावर उभं राहून चेंडू सरळ फेकून पाहिलाय? तो सरळ जातच नाही, तसंच हे. मोठ्या गोलाचं वस्तुमान धाकट्याच्या किमान पंचवीसपट असलं तरच ही युक्ती चालते. सूर्य-गुरू जोडीत ते हजारपटीहून जास्त आहे.

एल१ आणि एल२ यांना हे भाग्य नाही. त्यांच्यासाठी मराठीत तयार शब्द आहे, खिंड. सह्याद्रीतल्या खिंडीत उभं राहा. दोन्ही हातांना डोंगर चढत जातात, पण पुढे आणि मागे उतार. पावसाचा थेंब नेमका माथ्यावर पडला तर क्षणभर अडखळेल, मग देशावर तरी जाईल किंवा कोकणात तरी. एल१च्या खिंडीत एका उताराखाली सूर्य आहे आणि दुसऱ्याखाली पृथ्वी. यान किंचित ढळलं आणि तसंच सोडून दिलं, तर तेवीसेक दिवसांत ती चूक पावणेतीनपट होते, पुढच्या तेवीस दिवसांत पुन्हा पावणेतीनपट. मग अशा निसरड्या जागी यान ठेवायचं कशाला? कारण चूक लवकर पकडली तर ती दुरुस्त करायला अगदी चिमूटभर इंधन पुरतं.

आणि खरं तर नेमक्या बिंदूवर कुणी थांबतच नाही. एल१वर यान ठेवलं तर पृथ्वीवरच्या अँटेनाला त्याच्या मागे थेट सूर्य दिसेल, आणि सूर्याच्या रेडिओ गोंगाटात यानाचा क्षीण आवाज बुडून जाईल. म्हणून यानं बिंदूभोवती मोठा वळसा घेतात. रॉबर्ट फार्कर या अमेरिकन अभियंत्याने या कक्षेला 'हेलो' म्हणजे प्रभावलय असं नाव दिलं, आणि १९७८मध्ये आयसी-३ हे यान पहिल्यांदा अशा कक्षेत गेलं. आदित्य ६ जानेवारी २०२४ला तिथे पोचलं. त्याचा एक फेरा जवळपास १७८ दिवसांचा असतो आणि तो सूर्य-पृथ्वी रेषेपासून दोन्ही बाजूंना सहा लाख किलोमीटरच्या पुढे जातो, चंद्राच्या कक्षेपेक्षाही ऐसपैस. गंमत म्हणजे या वळशाच्या मधोमध काहीही नाही. गाभाऱ्यात मूर्ती नाही, पण प्रदक्षिणा चालू आहे.

निसरडेपणाचा फायदाही होतो. खिंडीतून कुठेही उतरायला हलका धक्का पुरतो. आयसी-३ला १९८२मध्ये तसाच धक्का देऊन काढलं, चंद्राजवळून अनेकदा फिरवलं आणि १९८५मध्ये ते एका धूमकेतूच्या शेपटीतून गेलेलं पहिलं यान ठरलं. त्याच्या मूळ योजनेत हा धूमकेतू नव्हताच.

एल२ला वेगळं गिऱ्हाईक लागतं. तिथून सूर्य, पृथ्वी आणि चंद्र सगळे एकाच बाजूला असतात. म्हणजे छत्री एकाच दिशेला धरली की झालं. जेम्स वेब दुर्बिणीने टेनिस कोर्टाएवढी छत्री धरली आहे. तिच्या उन्हाच्या बाजूला पाणी उकळायला थोडंच कमी पडेल इतकी उष्णता, आणि सावलीत उणे २३० अंशांच्या आसपास. पण या छत्रीपायी एक अडचण झाली आहे. वेबची इंजिनं फक्त उन्हाच्या बाजूला आहेत, कारण दुर्बिणीच्या बाजूने धूर-उष्णता चालणार नाही, आणि यान वळवून उलटं करावं तर दुर्बीण उन्हात सापडेल. त्यामुळे वेबला पृथ्वीपासून दूर ढकलता येतं, परत ओढता येत नाही. खिंड ओलांडून पलीकडे घसरली तर संपलंच. म्हणून तिला कायम अलीकडच्या चढावर, माथ्याच्या जरा खाली ठेवतात. ती हळूहळू आपल्याकडे घसरते, आणि साधारण तीन आठवड्यांनी तिला पुन्हा थोडं वर ढकलतात. घाटात बंद पडलेली गाडी मागून रेटणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आदित्यवरची सात उपकरणं त्या खिंडीत बसून काय करतात? पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडलेली 'सूट' दुर्बीण अतिनील प्रकाशात सूर्याचं अखंड बिंब टिपते. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची 'व्हेल्क' सूर्यबिंब झाकून कृत्रिम खग्रास ग्रहण घडवते आणि भोवतीचं प्रभामंडल पाहते. मधे पृथ्वी येत नाही, रात्र होत नाही. बाकीच्यांपैकी काही उपकरणं सूर्याकडून येणारा भारित कणांचा वारा आणि त्याच्यासोबतचं चुंबकत्व जागच्या जागी मोजतात. आपल्या घराशी त्यांचाच थेट संबंध आहे. सेकंदाला ४०० किलोमीटरच्या नेहमीच्या वेगाने एल१वरून निघालेला सौरवारा पृथ्वीवर यायला तासभर लागतो. सूर्याने फेकलेला वादळी ढग असेल तर पंधरा-वीस मिनिटं. वीजवाहिन्या आणि उपग्रह सांभाळणाऱ्यांना मिळणारी पक्की आगाऊ सूचना तेवढीच.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल शेवटी पनवेलला जाते. तिथे नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचा वारसा तिच्याकडे आला. १ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावर एक झगझगीत स्फोट पाहिला, आणि साडेसतरा तासांनी पृथ्वीवर नोंदलेलं सर्वांत प्रचंड चुंबकीय वादळ येऊन थडकलं. जगभर तारायंत्रं बिघडली. कुलाब्याच्या माणसांनी डोळ्यांनी पाहून हाताने लिहिलेल्या आकड्यांत त्या दिवशी चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याची नोंद आहे. २००३मध्ये पनवेलच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत याच नोंदींवरून त्या वादळाचा जोर काढला. कुलाब्यातली सुई घसरली ती २ सप्टेंबरला, आणि वादळ आलंय हे तिथे ती घसरली तेव्हाच कळलं. श्रीहरिकोटाहून आदित्य निघालं तेही २ सप्टेंबरलाच, १६४ वर्षांनी.

ही तारीख मी त्या मुलीला सांगितली तेव्हा तिने आधी कॅल्क्युलेटर काढला आणि २०२३मधून १८५९ वजा करून पाहिले.