लिनक्समध्ये चालतं, विंडोजमध्ये अडतं: एका बायोस-पर्यायाची पार्श्वभूमी

ड्युअल बूट, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या, लॅपटॉपवर हा अनुभव नेहमीचा आहे. लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) झरझर चालतं, पण विंडोजमध्ये शिरलं की असं मशीन चालवणारा व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम ‘व्हीटी-एक्स उपलब्ध नाही’ म्हणून हात वर करतो. व्हीटी-एक्स म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरमधली त्यासाठीची सोय. प्रोसेसर तर तोच. कारण शोधायला बरंच मागे जावं लागतं.

एका यंत्रात अनेक यंत्रं चालवण्याची कल्पना मेनफ्रेमच्या, म्हणजे अवाढव्य सामाईक संगणकांच्या, काळातली. आयबीएमने १९७२ मध्ये तशी सिस्टीम, व्हीएम/३७०, जाहीर केली. दोन वर्षांनी पोपेक आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी प्रोसेसरसाठीची अट नेमक्या शब्दांत मांडली: यंत्राच्या स्थितीला हात घालणारी आज्ञा अधिकार नसलेल्या प्रोग्रॅमने दिली, तर ती अडलीच पाहिजे. अडली तरच हायपरवायझरला, म्हणजे व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, तिची खबर लागते.

पीसीतला एक्स८६ प्रोसेसर ही अट पाळत नव्हता. ‘पॉपएफ’ ही आज्ञा घ्या. तिने इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचं काम मध्येच थांबवणारे इशारे, बंद करता येतात. पण अधिकार नसताना दिली, तर प्रोसेसर ते कामही करत नाही आणि तक्रारही करत नाही. व्हर्च्युअल मशीनमधल्या पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टीमला वाटतं इंटरप्ट बंद झाले, हायपरवायझरला काहीच कळत नाही. २००० साली पेंटियमच्या अभ्यासात अशा १७ आज्ञा निघाल्या.

तरीही व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ मध्येच वाट काढली होती: अशा आज्ञा चालता चालता बदलून टाकायच्या. माझ्या मते पीसीच्या इतिहासातलं हे फार देखणं काम आहे. प्रोसेसरमध्येच सोय आली ती नंतर, इंटेलची (हीच व्हीटी-एक्स) नोव्हेंबर २००५ मध्ये आणि एएमडीची २००६ मध्ये. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० बरोबर केव्हीएम, म्हणजे लिनक्सचा स्वतःचा हायपरवायझर, आलं.

या सोयीला इंटेलने कुलूपही दिलं. लॅपटॉप सुरू होतानाच बायोस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी चालणारं सॉफ्टवेअर, आपल्या सेटिंगमधल्या पर्यायानुसार प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये (छोट्या नोंद-कप्प्यात) ‘परवानगी आहे’ किंवा ‘नाही’ असं लिहून ते कुलूपबंद करतं. मग रीसेट होईपर्यंत ना विंडोज ते उघडू शकतं, ना लिनक्स. ही खबरदारी अनाठायी नव्हती. चालू विंडोजच्या खाली तिच्या नकळत हायपरवायझर सरकवता येतो, हे सुरक्षा-संशोधक जोआना रुत्कोव्स्का यांनी २००६ मध्ये ‘ब्लू पिल’ या प्रयोगाने दाखवलं, तेही एएमडीच्या प्रोसेसरवर.

म्हणजे बायोसमधला पर्याय दोन्ही सिस्टीमना सामाईक. तो बंद असेल तर दोन्हीकडे अडतं. फक्त विंडोजमध्ये अडत असेल, तर बायोसमध्ये शोधून उपयोग नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर हायपर-व्ही, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा हायपरवायझर, डेस्कटॉपवर आलं. ते चालू असलं की खुद्द विंडोजच त्याच्या वर चालतं आणि व्हीटी-एक्स त्याच्या ताब्यात जातं. विंडोजची ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा-सोयही याच हायपरवायझरवर उभी आहे, त्यामुळे हायपर-व्ही कधीच न बसवलेल्यालाही हा अडथळा येतो. व्हर्च्युअलबॉक्स ६.० पासून अशा वेळी हायपर-व्हीच्या आधाराने चालू शकतो, पण हळू. व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीतल्या खालच्या पट्टीवर तेव्हा हिरवं कासव दिसतं.

लिनक्स ६.१२ पासून तिकडेही हाच पेच आला आहे. केव्हीएमचं मॉड्यूल लोड होतानाच व्हीटी-एक्स ताब्यात घेतं, आणि व्हर्च्युअलबॉक्स चालवायचा तर आधी ते मॉड्यूल उतरवावं लागू शकतं.