पाळीव सशांतील दंतविकारांची तपासणी

पाळीव सशाच्या दातांतील व जबड्यातील दोष वेळीच ओळखण्यासाठी पाळणाऱ्याने घरी ठेवलेले लक्ष आणि पशुवैद्यकाने केलेली तपासणी, अशा दोन्ही गोष्टींचा या विषयात समावेश होतो. सशाला 28 दात असतात. पटाशीचे दात वरच्या जबड्यात चार व खालच्या जबड्यात दोन असतात. वरच्या चारांपैकी दोन अगदी लहान असून मोठ्या जोडीच्या मागे दडलेले असतात. सुळे नसतात. पटाशीचे दात आणि दाढा जन्मभर वाढत राहतात. पटाशीच्या दातांची वाढ आठवड्याला साधारण 2 ते 3 मिमी असते. गवत चघळताना खालचा जबडा आडवा फिरतो आणि त्या घर्षणाने दाढा झिजतात. वाढ आणि झीज यांचा मेळ बिघडला की खालच्या दाढांच्या कडा जिभेकडे व वरच्या दाढांच्या कडा गालाकडे टोकदार होऊन तोंडात जखमा करतात. आखूड तोंडाच्या बुटक्या जातींत जबड्यांचा उपजत विजोडपणाही आढळतो.

गोव्यात जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत साठवलेल्या सुक्या गवताला बुरशी धरते, ते टाकून द्यावे लागते आणि त्याच्या जागी पाव, पोई, बिस्किटे किंवा गाजर देण्याचा मोह होतो. मऊ व पिठूळ खाण्याने दाढांची पुरेशी झीज होत नाही. सुके गवत उंचावर, हवेशीर ठेवणे आणि जोडीला स्वच्छ, निथळलेली हराळी देणे अधिक हिताचे.

ससा वेदना लपवतो, म्हणून तो खातो कसा हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. दाढा दुखणारा ससा अन्नाकडे उत्सुकतेने धावतो, घास उचलतो आणि तोंडातून खाली टाकतो. बहुधा तो आधी सुके गवत सोडतो, मऊ पाला मात्र खात राहतो, त्यामुळे ‘ससा खातोय’ असा चुकीचा दिलासा मिळतो. लेंड्या लहान व कमी होणे, हनुवटी ओली राहणे, तोंड पुसून पुढच्या पायांच्या आतील केस चिकटणे आणि एकाच डोळ्यातून पाणी येणे ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. वरच्या दातांची मुळे अश्रुनलिकेलगत असल्यामुळे दाताचा विकार डोळ्यात दिसतो. स्वयंपाकघरातील काट्यावर दर आठवड्याला वजन करून ते लिहून ठेवल्यास हळूहळू होणारी घट ध्यानात येते.

घरी तपासताना ससा टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्यावा. त्याला उताणा करू नये, कारण त्या अवस्थेतील निश्चलता भीतीची असते. वरचा ओठ दोन्ही बाजूंनी हलकेच वर सारल्यावर वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या किंचित पुढे, सरळ आणि गुळगुळीत दिसले पाहिजेत. मग बोटांची टोके खालच्या जबड्याच्या कडेवरून दोन्ही बाजूंना एकाच वेळी फिरवावीत. एका बाजूस उंचवटा लागला, तर मुळाची खालच्या दिशेने वाढ किंवा गळू असू शकते. सशाचा पू घट्ट असल्याने असे गळू आपोआप निचरत नाही.

दाढा मात्र घरी दिसत नाहीत. पशुवैद्यक ऑटोस्कोपने, म्हणजे कान तपासण्याच्या दिव्याच्या उपकरणाने, त्या पाहतो. तरीही जागेपणी काही दोष नजरेतून सुटतात, म्हणून भूल देऊन संपूर्ण तपासणी आणि कवटीचा एक्स-रे करावा लागतो. ससा ओकत नसल्यामुळे भुलेआधी त्याला उपाशी ठेवत नाहीत. वाढलेले दात नखे कापण्याच्या कात्रीने घरी कापणे घातक आहे, कारण दात उभा चिरतो व मूळ दुखावते. अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन ही औषधे तोंडावाटे देऊ नयेत. ती आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंचा समतोल मोडतात आणि ससा दगावू शकतो. सुमारे 12 तास ससा खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर ती तातडीची अवस्था समजून त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. एप्रिल-मेच्या उन्हात हा प्रवास सावलीतून व गारव्यात करावा. दाढांच्या कडा घासून नीट केल्या तरी त्या पुन्हा वाढतात, म्हणून अशा सशाला अनेकदा एक-दोन महिन्यांनी परत तपासून घ्यावे लागते.