एक मांडीवर, एक पदराला

खानापुरात पावसाची झड लागली की पोरांना घेऊन अंगणातसुद्धा जाता येत नाही. लेक बेळगावला कामावर जाते आणि दिवसभर घरात मी, अडीच वर्षांची नात आणि पाच महिन्यांचा नातू. धाकट्याला घ्यावं तर मोठी पदर ओढते. मोठीला गोष्ट सांगायला बसावं तर धाकटा किरकिरतो. दोघांना वेगवेगळं रमवत बसलं तर जीव मेटाकुटीला येतो. म्हणून दोघांचा खेळ एकच हवा.

तान्ह्याला खुळखुळ्यापेक्षा माणसाचं तोंड प्यारं. जन्मल्यावर त्याला 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच काय ते बरं दिसतं, म्हणजे मांडीवरून आपला चेहरा दिसावा एवढंच. 1970च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना बाळासमोर थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळं आधी हसून, हात हलवून आईला बोलवू लागली, मग तोंड फिरवून रडकुंडीला आली. त्यांना उत्तर देणारा चेहरा हवा असतो, आणि अडीच वर्षांच्या पोरीइतका हलता चेहरा घरात दुसऱ्या कुणाचा?

मोठीला मात्र काम हवं. मी तिला बुवा-कुकचं काम दिलं. माझा पदर तोंडावर घेऊन ती बसते. धाकट्याचे पाय झाडायचे थांबतात, ओठ मिटतात, नजर पदरावर खिळते. "कुक!" झालं की तो पोटापासून हसतो. लपलेली वस्तू बाळाच्या लेखी नाहीशीच होते, असं मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मानत. 1985 साली रेने बायार्जों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पाच महिन्यांच्या बाळालाही ती पडद्याआड आहे याची जाण असते. म्हणजे ताई आत आहे हे त्याला बहुधा ठाऊक असतं, आणि तरी तो वाट बघतो! मोठीला तर आपल्यामुळे कुणी हसतंय याचंच अप्रूप. परवा सलग अकरा वेळा केलं तिनं.

शेजारच्या अक्का आल्या की कन्नडमधून लाड सुरू होतात. "दोन भाषांनी पोर गोंधळेल," असं आमच्याकडे पुष्कळजण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांना 1984 साली दिसलं, की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखतात. वर्षाची होईतो बहुतेकांची ती ओळख जाते, कारण ते आवाज कानावर पडत नाहीत. आमच्या बाळाच्या कानावर दोन्ही भाषा पडतात, हे त्याचं भाग्य. अंगाईतलं 'जो जो' तर दोन्हींकडे एकच!

पण दोघांना एकटं सोडून चुलीकडेही जाऊ नये. एकदा मोठीनं मायेनं धाकट्याच्या मुठीत शेंगदाणा ठेवला. मी तिथंच होते म्हणून बरं. एवढ्या लहान श्वासनलिकेत तो अडकायला वेळ लागत नाही. त्या दिवसापासून शेंगदाणे, फुटाणे फळीवर. मोठीलाही अख्खे न देता कूट करूनच देते.

झोपवायची वेळ झाली की मी धाकट्याला खांद्याशी धरून पाच मिनिटं चालते, मग पाच-आठ मिनिटं तशीच बसते आणि नंतर त्याला खाली ठेवते. जपानमधल्या संशोधकांनी 2022 मध्ये हेच सांगितलं: डोळा लागल्या लागल्या खाली ठेवलं की बाळ बऱ्याचदा जागं होतं. मोठी बाहुली घेऊन माझ्या मागं मागं चालते, शेजारी बसते आणि माझा हात धरून कुजबुजते, "आजी, अजून ठेवू नको गं."