मिलिंद: वादात हरलेल्या राजाचं नाव

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, रिक्षावाल्याला ‘मिलिंदपाशी सोडा’ म्हटलं की तो मिलिंद कॉलेजला नेतो, पुढे काही सांगावं लागत नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हे नाव पहिल्यांदा शिकलेल्या माणसाबरोबर आलं. मिलिंदला शिकलेल्या बापाने पोराचं नाव मिलिंद ठेवलं, अशी घरं आमच्याकडे आहेत. पण हा मिलिंद कोण, असं विचारलं की बहुतेक जण थांबतात. संस्कृत येणारा सांगतो, मिलिंद म्हणजे भुंगा. अर्थ बरोबर आहे, पण कॉलेजचा मिलिंद वेगळा.

आधी कॉलेजबद्दल. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तोवर मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादला 1923 पासून सरकारी इंटरमीजिएट कॉलेज होतं. त्यापुढे शिकायचं तर हैदराबाद गाठायचं. तिथल्या 1918 च्या उस्मानिया विद्यापीठात शिकवणं उर्दूतून चाले. घरात मराठी बोलणाऱ्या, शाळेत जेमतेम पोचलेल्या पोराला, त्यातही अस्पृश्य ठरवलेल्या वस्तीतल्या पोराला, हे किती लांब असेल याचा अंदाज मैलांवरून येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. त्यानंतर ते पुण्या-नागपूरकडे न वळता औरंगाबादला आले. कॉलेज 1950 च्या जूनमध्ये सुरू झालं. इमारतीची कोनशिला 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. त्याच महिन्याच्या 27 तारखेला बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. या दोन तारखा मला नेहमी एकत्र आठवतात. तिकडे दिल्लीत हिंदू कोड बिल अडलं होतं आणि इकडे माळावर कॉलेज उभं राहत होतं.

आता राजा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात यवनांची, म्हणजे ग्रीकांची राज्यं होती. त्यातला सगळ्यात नावाजलेला राजा मिनँडर. पालीत तो मिलिंद झाला. राजधानी सागल, म्हणजे आजचं पाकिस्तानातलं सियालकोट असं मानतात. त्याची चांदीची नाणी आजही सापडतात. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत ‘महाराजस त्रातरस मेनंद्रस’, म्हणजे तारणहार महाराज मिनँडरचं. काही नाण्यांवर आठ आऱ्यांचं चाकही आहे. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय की मिनँडर मेल्यावर त्याची राख गावागावांनी आपसात वाटून घेतली. परक्या मुलखातून आलेल्या घराण्याच्या राजासाठी लोकांनी हे करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याची खरी ओळख मात्र ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातून होते. नावाचा अर्थ मिलिंदाचे प्रश्न. ब्रह्मदेशात तो त्रिपिटकातच, म्हणजे बौद्धांच्या मूळ धर्मग्रंथांतच धरतात. ग्रंथातला राजा सुरुवातीला मोठा घमेंडी आहे. एकेक पंडित गाठतो, हरवतो आणि म्हणतो, हे जंबुद्वीप रिकामं आहे, नुसतं भूस आहे. बारा वर्षं सागल नगरीत कुणी विद्वान टिकला नाही, असं ग्रंथ सांगतो. मग नागसेन नावाचा भिक्खू येतो.

राजा नाव विचारतो. भिक्खू म्हणतो, मला नागसेन म्हणतात खरे, पण ते हाक मारायचं नाव, आत तसा कुणी इसम नाही. राजा चिडवायला लागतो. मग केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? नागसेन शांतपणे विचारतो, महाराज, पायी आलात की कसे? रथातून. मग सांगा, दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कुठाय? बैलगाडी जोडणाऱ्या आपल्याकडच्या सुताराला ही गोष्ट एका बैठकीत कळेल. सगळे भाग जागच्या जागी बसले की त्या जुळणीला आपण गाडी म्हणतो. राजालाही ते पटतं, आणि तो खुल्या मनाने शाबासकी देतो.

यापुढचा प्रसंग मला सगळ्यात जवळचा. वाद पुढे चालवायचा का, असं राजा विचारतो. नागसेन अट घालतो: पंडितासारखा बोलणार असाल तर बोलू, राजासारखा असाल तर नाही. पंडित एकमेकांना कोंडीत पकडतात, खोडून काढतात, चूक कबूल करतात आणि तरी रागावत नाहीत. राजे एक मत धरतात आणि जो मान्य करणार नाही त्याला दंड करतात. मिलिंद अट मानतो.

बाबासाहेबांनी मिलिंद-नागसेनाची ही गोष्ट भाषणात सांगून नावाचा अर्थ उलगडला होता. त्यांच्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला असं नाव सुचावं यात नवल नाही. 1917 मध्ये इंग्लंडहून परतताना त्यांचं सामान आणलेली बोट टॉर्पेडोने बुडाली, त्यात पुस्तकंही गेली. पुढे दादरला राजगृह बांधलं ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. धम्मदीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची, पण औरंगाबादला कॉलेज त्याआधी सहा वर्षं चालू होतं. कॉलेजला राजाचं नाव दिलं आणि सगळ्या परिसराला भिक्खूचं: नागसेनवन. जवळच्याच डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत.

साठच्या दशकाच्या अखेरीस याच परिसरातून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभं राहिलं आणि दलित साहित्याला हक्काची जागा मिळाली. ज्या पोरांच्या आज्यांना शाळेची पायरी चढू दिली नव्हती, ती पोरं इथे कविता छापायला लागली.

शेजारी 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 ला केला. त्यावरून मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मारली गेली, लाँग मार्च निघाला. मिलिंद आणि नागसेन ही नावं ज्यांनी या माळावर आणली, त्यांचं स्वतःचं नाव शेजारच्या कमानीवर लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला.