वयभेद (रोजगार आणि मजुरी)

वयभेद म्हणजे काम करण्याची कुवत न पाहता, केवळ वयाचा आकडा पाहून माणसाला काम नाकारणे, कामावरून उतरवणे किंवा त्याच कामाचा कमी मोबदला देणे. तो तरुणांच्याही वाट्याला येतो. पण कायदेमंडळांत आणि न्यायालयांत त्याची चर्चा झाली ती मुख्यतः उतारवयाच्या कामगारांमुळे, आणि त्यातले गाजलेले अनेक वाद झाले ते विमान चालवणाऱ्यांच्या वयावरून. विदर्भातल्या खेड्यात ‘वयभेद’ हा शब्द कोणाच्या तोंडी नाही. भरतीची तयारी करणारा पोरगा ‘एजबार’ म्हणजे वयाने बाद होतो, सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे, ‘वय निघून जाते’ आणि म्हातारी ‘अर्ध्या रोजी’ची होते. या तिन्हींना जोडणारा एक शब्द गावाजवळ नाही, आणि भारतीय कायद्याजवळही नाही.

शेतातले वय

शेतीच्या कामात जन्मतारीख कोणी विचारत नाही. वय मोजले जाते ते हाताच्या वेगावर. सालदाराचे साल गुढीपाडव्याला बदलते. त्याआधी रोख किती, ज्वारी-गहू किती, कपडालत्ता काय, याची तोंडी बोलणी होतात. डवरणी, फवारणी, बैलांची उठाठेव हे सगळे अंगावर घेणाऱ्या तिशीतल्या गड्याचे साल चढते. पन्नाशी उलटली की ते आधी थांबते, मग उतरू लागते. त्यानंतर त्याच गड्याला ‘जागली’वर ठेवतात: रात्रभर मचाणावर बसून रानडुकरे आणि रोही (नीलगायी) हाकलायचे. जागल हे हलके काम समजले जाते आणि त्याचे पैसेही हलकेच. रात्री डुकरांचा कळप समोर आल्यावर ते किती हलके असते, हे जागल करणाऱ्यालाच विचारावे.

पश्चिम विदर्भात कापूस किलोवर वेचला जातो. सत्तरीतली बाई आणि तिची सून एकाच तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, उतरतात. संध्याकाळी काटा होतो तेव्हा सासूचे गाठोडे हलके भरते. दर दोघींना सारखाच असल्यामुळे इथे भेदभाव झाला असे कोणी म्हणत नाही. निंदणाला, म्हणजे तण काढायला, मात्र दिवसाची रोजी असते, आणि तिथे ‘तिला अर्धी देजा’ हे उघड बोलले जाते. सोयाबीनची सोंगणी किंवा पूर्व विदर्भातली धानाची रोवणी हुंड्याने, म्हणजे ठोक बोलीवर, दिली जाते, तेव्हा प्रकार आणखी वेगळा होतो. एकराचा ठोक पैसा ठरतो आणि टोळीतल्या बाया तो सारखा वाटून घेतात. अशा वेळी म्हाताऱ्या बाईला वगळते ती टोळीच. मालकाला त्यात पडावेच लागत नाही. वयभेद नेहमी वरूनच येतो असे नाही, सोबतच्या रांगेतूनही येतो. वैमानिकांच्या इतिहासातही नेमके हेच दिसते.

किमान वेतन अधिनियम, १९४८ या बाबतीत अनेकांना वाटते त्यापेक्षा स्पष्ट होता. त्यात प्रौढ, किशोरवयीन, बालक आणि शिकाऊ अशा वर्गांसाठी वेगवेगळे दर ठरवण्याची मुभा होती. ‘वृद्ध’ असा वर्ग त्यात कुठेच नव्हता. अठरा वर्षांपुढचा प्रत्येक जण प्रौढ, मग तो पंचवीसचा असो की पंचाहत्तरचा. नगावर किंवा वजनावर काम करणाऱ्यालाही, त्या कामासाठी वेळेचा किमान दर ठरलेला असेल तर त्याहून कमी देता येत नव्हते. म्हणजे ज्या दिवशी म्हातारी दिवसभर निंदणात होती, त्या दिवसाची अर्धी रोजी ही रूढी खरी, पण कायद्याने तिला कधीच परवानगी दिलेली नव्हती. या मुद्द्यावर बांधावर भांडण झाल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते. भांडले तर दुसऱ्या दिवशी बोलावणे येत नाही.

कागदावरचे वय

सरकारी नोकरी, योजना आणि भरती यांत सगळा कारभार कागदावरच्या वयाचा. ग्रामीण महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली की गुरुजी सत्राच्या सुरुवातीजवळची तारीख टाकून मोकळे होत. निवृत्तिवेतन नियमांनुसार राज्य कर्मचारी ज्या महिन्यात वयोमर्यादा गाठतो त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. त्यामुळे ३१ मे हा जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि कचेऱ्यांत शाल-श्रीफळाचा दिवस झाला. साधारण कर्मचाऱ्याला ही मर्यादा ५८ वर्षे, चतुर्थ श्रेणीला ६०. गुरुजींनी अंदाजाने लिहिलेल्या तारखेवर माणसाचा शेवटचा पगार ठरतो.

उलट बाजूला श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. तिच्यासाठी ६५ वर्षे पूर्ण असावी लागतात. अनेक मजुरांच्या आधार कार्डावर वय पाच-सात वर्षांनी कमी पडलेले असते आणि मग तहसीलच्या चकरा सुरू होतात. एकाच बाईला वावरात म्हातारी म्हणून अर्धी रोजी आणि तहसिलात ‘अजून वय बसत नाही’ हे उत्तर, असे एकाच आठवड्यात घडू शकते.

उंबरठ्यावरचा वयभेद तरुणांना सोसावा लागतो. पोलीस भरतीत खुल्या प्रवर्गाला २८, राज्यसेवेत खुल्याला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ अशा मर्यादा आहेत. जाहिरात दोन-तीन वर्षे निघाली नाही की तालुक्याच्या अभ्यासिकेत बसलेली पोरे एजबार होतात. शासन अधूनमधून एकवेळची सवलत देते. पण ती मिळाली नाही म्हणून न्याय मागण्यासाठी वयभेदविरोधी असा कायदा हाताशी नाही.

वैमानिकांचे वय

गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे. आज तिथे वैमानिक घडवणारी संस्था चालते आणि धानाच्या बांध्यांवरून शिकाऊ विमाने दिवसभर घिरट्या घालत असतात. खाली पऱ्हे (धानाची रोपे) उपटणाऱ्या बाया आणि वर विशी-बाविशीतली पोरे. या पोरांच्या धंद्यात पैशाचा हिशेब शेताच्या अगदी उलट आहे. मोठ्या विमान कंपन्यांत वेतन, विमानाचा प्रकार, कप्तानपद, मार्ग आणि रजा हे सगळे ज्येष्ठता यादीवर ठरण्याची पद्धत रुजलेली आहे. अमेरिकेत तर ती यादीच सर्वस्व मानली जाते. शेवटची वर्षे सर्वांत जास्त पगाराची. म्हणून निवृत्तीचे वय पाच वर्षांनी मागेपुढे झाले तर बदलतात ती कमाईची शिखराची वर्षे, आणि त्याच वेळी यादीत खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाची बढती.

अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने १९५९ च्या अखेरीस नियम केला आणि १९६० पासून मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांना ६० व्या वर्षी उतरवले. कारण सुरक्षिततेचे दिले गेले: हवेत अचानक हृदयविकार किंवा पक्षाघात झाला तर काय, आणि तो कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. पुढे १९६७ मध्ये तिथे रोजगारातील वयभेदाविरुद्ध कायदा झाला. चाळिशीपुढच्या कामगारांना त्याने संरक्षण दिले. पण साठीचा नियम सरकारी सुरक्षा नियम असल्यामुळे तो तसाच राहिला. मग भांडण सरकले मागच्या खुर्चीकडे. त्या काळच्या मोठ्या विमानांत दोन वैमानिकांच्या मागे तिसरा, उड्डाण अभियंता बसत असे, आणि त्याच्यासाठी साठीची अट नव्हती. साठी गाठलेले कप्तान म्हणू लागले की आम्हाला त्या खुर्चीवर बसू द्या.

१९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यावर दोन निकाल दिले. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सच्या खटल्यात असे दिसले की आजारपणासारख्या इतर कारणाने कप्तानपद सोडणारा कनिष्ठ अभियंत्याला बाजूला सारून ती जागा घेऊ शकत होता, मात्र साठी झालेल्याला जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागत होती. न्यायालयाने हा वयभेद ठरवला. वेस्टर्न एअर लाइन्सच्या खटल्यात कंपनी अभियंत्यांनाही साठीला काढत होती. सुरक्षिततेचे नाव घेतले की पुरे, असे होत नाही. वयाची अट त्या कामासाठी खरोखर गरजेची आहे हे दाखवावे लागेल, असे न्यायालय म्हणाले आणि कंपनी हरली. सालदाराला जागलीवर बसवतात तसाच हा मागच्या खुर्चीचा प्रश्न. फरक इतकाच की तिथे कप्तानांनी ती खुर्ची कायद्याने मागून घेतली.

वैमानिकांच्या अमेरिकी संघटनेची भूमिका या सगळ्यात दोनदा फिरली. सुरुवातीला तिचा साठीच्या नियमाला विरोध होता. १९८० पासून ती त्याच नियमाच्या बाजूने उभी राहिली आणि २००७ मध्ये तिने पुन्हा माघार घेतली. मधल्या काळात ज्येष्ठांच्या बाजूने बोलणाऱ्यांना आपल्याच संघटनेशी भांडावे लागले. वर जागा रिकामी झाली तरच खालच्याला सरकता येते, हे लक्षात घेतले की यात आश्चर्य वाटत नाही. रोवणीच्या टोळीचे गणित याहून फार वेगळे नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नोव्हेंबर २००६ पासून ही मर्यादा ६५ केली, मात्र शेजारचा वैमानिक साठीच्या आतला हवा अशी अट घातली; ती अट २०१४ मध्ये निघाली. अमेरिकेने १३ डिसेंबर २००७ च्या कायद्याने ६५ स्वीकारले. या कायद्याची कडू बाजू वेतनाची होती. त्या तारखेआधी साठ पूर्ण झाल्याने उतरलेल्यांना परत यायचे तर नवा उमेदवार म्हणून यायचे, जुनी ज्येष्ठता सोडून. ज्येष्ठता गेली की पगारही यादीच्या तळाचा. म्हणजे १२ डिसेंबरला साठी झालेला आणि १४ डिसेंबरला साठी झालेला, यांच्यात दोन दिवसांचे अंतर आणि पाच वर्षांच्या सर्वोच्च पगाराचे.

युरोपात जर्मनीच्या लुफ्थान्साने कामगार करारातून साठीची अट ठेवली होती. आंतरराष्ट्रीय आणि जर्मन नियम ६५ पर्यंत परवानगी देत असताना ६० ला उतरवणे अवाजवी आहे, असे युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने ६५ ची मर्यादा मात्र योग्य मानली, पण ती फक्त प्रवासी, माल आणि टपाल यांच्या व्यावसायिक वाहतुकीपुरती. पासष्टीनंतरही वैमानिक रिकामे विमान एका ठिकाणाहून दुसरीकडे नेऊ शकतो आणि शिकवू शकतो. शिकवण्याचा हा मार्ग बिरसीसारख्या ठिकाणांच्या दृष्टीने महत्त्वाचा, कारण निवृत्त कप्तानाच्या अनुभवाला तिथे गिऱ्हाईक असते.

भारतात

भारतातही व्यावसायिक प्रवासी विमानाच्या वैमानिकासाठी ६५ चीच मर्यादा आहे. तिला वयभेद म्हणून आव्हान द्यायचे तर आधार तोकडा पडतो. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई आहे. १६ व्या अनुच्छेदात त्याला कुळ आणि निवासस्थान जोडले आहे. वय दोन्हीकडे नाही. उरतो तो १४ व्या अनुच्छेदातला समानतेचा सर्वसाधारण हक्क, आणि त्यात वर्गीकरण वाजवी आहे की नाही एवढेच पाहिले जाते. समान वेतनाचा १९७६ चा कायदा लिंगापुरता होता, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही भेदभावाची मनाई लिंगाच्याच पायावर उभी आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे खरा, पण तो मुलांकडून निर्वाह मिळवण्याचा, मजुरी मिळवण्याचा नाही.

एअर इंडियाचे दोन खटले इथे सांगितलेच पाहिजेत. हवाई सुंदरींना ३५ व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणात नोकरी सोडावी लागे. तेच पुरुष कर्मचारी ५८ पर्यंत राहत. नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गरोदरपणाची अट रद्द केली, पस्तिशीनंतर मुदत वाढवण्याचा व्यवस्थापकीय संचालकाचा मनमानी अधिकारही रद्द केला. पण स्त्रिया आणि पुरुष हे वेगळे संवर्ग आहेत म्हणून वयातला फरक मान्य केला. २००३ मध्ये स्त्रियांनी ५० व्या वर्षी उड्डाणातून उतरावे हेही न्यायालयाने योग्य ठरवले. वय एकटे कधी येत नाही, ते स्त्रीकडे दोनदा येते, हे वावरातल्या बाईला सांगायला खटला लागत नाही.

म्हाताऱ्या मजुराचा स्वतंत्र विचार केल्याचे एक उदाहरण मात्र आहे, आणि त्याची मुळे महाराष्ट्रातच आहेत. १९७२ च्या दुष्काळात राज्यात सुरू झालेली रोजगार हमी पुढे १९७७ च्या राज्य कायद्यात आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यात आली. २००५ च्या कायद्याने वयाची खालची मर्यादा १८ ठेवली, वरची ठेवलीच नाही. काम मोजमापावर असल्यामुळे म्हाताऱ्याची मजुरी कमी भरणार हे ओळखून, वृद्ध, स्त्रिया आणि अपंग यांच्यासाठी दरांची वेगळी सूची करावी असे त्याच्या अनुसूचीत लिहिले गेले. कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील तर त्यांच्यापैकी एकीला मुले सांभाळायला ठेवून तिला रोजची मजुरी द्यायची, अशीही तरतूद होती. फावडे आणि घमेले न झेपणाऱ्या म्हातारीकडे ते काम जाई. मुले झाडाखाली, तिच्याजवळ. आणि हजेरीपटावर तिचा दिवस इतरांसारखाच पुरा.