२७ कीटकनाशकांवर बंदी येणार होती, आली किती?

आपला कीटकनाशक कायदा १९६८ चा, अंमल १९७१ पासून. तो शेतातल्या फवारणीमुळे आलाच नाही, १९५८ मध्ये केरळात वाहतुकीत पॅराथिऑन हे कीटकनाशक लागलेलं पीठ-साखर पोटात जाऊन शंभरावर माणसं गेली त्यावरून आला. म्हणून त्याचा सगळा भर नोंदणी, परवाना, लेबल यावर. शेतात प्रत्यक्ष कोण काय किती मारतो ते जवळपास दुकानदारावरच सोडलेलं. नंतर शेतीतलं डीडीटी १९८९ ला गेलं, बीएचसी १९९७ ला, एन्डोसल्फान २०११ ला आणि तेही कोर्टामुळे.

खरा घोळ २०१३ पासूनचा. बाहेरच्या देशांत बंद किंवा मर्यादित पण आपल्याकडे चालू अशी ६६ औषधं तपासायला समिती बसली, २०१५ ला अहवाल आला, २०१८ ला १८ वर बंदी लागली (त्यातली ६ तर २०२० अखेरपर्यंत चालणार होती). पण रोज खपणारी नावं, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, मॅन्कोझेब वगैरे, ती 'अजून अभ्यास हवा' म्हणून मागे ठेवलेली. मधल्या काळात २०१७ चं यवतमाळ घडलं. कापूस डोक्याच्या वर गेलेला, फवारा थेट तोंडावर, पंपात दोन-तीन औषधं एकत्र आणि अंगावर साधा शर्ट. वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले. राज्याने ५ औषधं बंद केली, पण कायद्यात राज्याला तात्पुरतीच बंदी घालता येते, ती ६० दिवसांची, आणि तोवर फवारणीचा हंगाम सरतच आला होता.

मग १४ मे २०२० ला केंद्राचा मसुदा आला, एकदम २७ औषधं बंद. हरकतींना ४५ दिवस होते ते ९० केले. कंपन्या म्हणाल्या स्वस्त जेनेरिक गेली की शेतकऱ्याला महाग पेटंटवाली घ्यावी लागतील, आणि हा मुद्दा अगदीच खोटा नाही, कारण पर्यायी औषधाचा खर्च कोण उचलणार यावर मसुद्यात काही नव्हतं. पण विषबाधेचा खर्च कोण उचलतं हे कुणीच विचारलं नाही. पुन्हा समित्या, पुन्हा तपासणी, आणि २०२३ च्या अंतिम आदेशात डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल ही तीन पूर्ण बंद, मोनोक्रोटोफॉसचं (मोनो) ३६ एसएल, म्हणजे ३६ टक्क्यांचं द्रावण, हातातला साठा संपवायला मुदत देऊन बंद, बाकी काहींच्या लेबलवरून काही पिकं काढली, म्हणजे त्या पिकांवर ती मारायची परवानगी गेली. झालं. मोनो भाजीपाल्यावर २००५ पासूनच बंद होतं, मारायचं कोण थांबलं होतं?

ग्लायफोसेट या तणनाशकाचंही तेच. लेबलप्रमाणे ते चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागेसाठी, वापर मात्र सर्रास कपाशीत. २०२२ ला नियम आला की ते फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच मारायचं. आता असा ऑपरेटर गावात शोधून दाखवा.