मोझांबिकची महिला संघटना आणि लोबोलोचा तिढा
मोझांबिकमध्ये 7 एप्रिल हा महिला दिन पाळला जातो. 1971 साली याच दिवशी दार-ए-सलाममध्ये वयाच्या अवघ्या 25 व्या वर्षी मरण पावलेल्या जोसिना माशेल या, पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लढलेल्या तरुणीचे ते स्मरण आहे. तिच्यासारख्या स्त्रियांना 1967 पासून टांझानियातील नाचिंग्वेआच्या छावणीत शस्त्रशिक्षण मिळू लागले होते आणि दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन त्या रानावनातून पायी जात. सर्वसामान्य स्त्रियांसाठी स्वतंत्र संघटना मात्र मार्च 1973 मध्ये टुंडुरूच्या परिषदेत उभी राहिली. तिची स्थापना स्वातंत्र्यलढा चालवणाऱ्या फ्रेलिमो या मुक्ती आघाडीनेच केली, आणि 1975 च्या स्वातंत्र्यानंतर ही आघाडी सत्ताधारी पक्ष झाल्यावरही धोरण पक्षाचे व प्रसार संघटनेचा, अशीच विभागणी राहिली.

लोबोलो, म्हणजे लग्नासाठी वधूच्या माहेरी दिले जाणारे धन, याविषयीचा निर्णय याच चौकटीत झाला. लोबोलोला मराठीत सर्रास हुंडा म्हटले जाते, ते चूक आहे; आपल्याकडचा देज हा शब्द त्याला अधिक जवळचा, कारण येथे वरपक्ष वधूपक्षाला देतो. पूर्वी गुरे किंवा लोखंडी कुदळी दिल्या जात, पुढे दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत कमावलेले पौंड आले. बहिणीच्या लोबोलोतून भावाचे लग्न होई, आणि काडीमोड झाल्यास तो परत करावा लागत असल्याने माहेरचेच लोक तिला नांदण्याचा आग्रह धरीत. संघटनेने त्याला स्त्रीची विक्री ठरवून बहुपत्नीत्व आणि दीक्षाविधी (मुलामुलींच्या वयात येण्याचे संस्कार) यांसह त्याज्य मानले. विक्रीच्या आरोपात तथ्य होतेच. परंतु लोबोलो ही मुख्यतः दक्षिणेची रीत, आणि तेथील अनेक स्त्रियांना त्याविना आपण रीतसर परणलेल्या आहोत असे वाटतच नसे. उत्तरेकडील मातृवंशीय माकुवा समाजात प्रश्न वेगळाच होता: ज्या दीक्षाविधींमुळे वडीलधाऱ्या स्त्रियांना मान होता, त्यांवरच तेथे गदा आली. दक्षिणेचा अनुभव साऱ्या देशाला लावला गेला, ही माझ्या मते त्या धोरणाची मोठी चूक होय.

1984 च्या विशेष परिषदेपूर्वी गावोगाव सभा घेऊन स्त्रियांना या प्रथांविषयी बोलते केले गेले, तरी पक्षाची मूळ भूमिका फारशी हलली नाही. बहुपक्षीय राज्यघटनेच्या काळात, 1990 मध्ये, संघटना पक्षापासून वेगळी झाली आणि 1996 मध्ये पुन्हा पक्षाच्या छत्राखाली गेली. मधल्या वर्षांत उभ्या राहिलेल्या नव्या स्त्री-संस्थांनी कायदेबदलाची मागणी लावून धरली. 2004 च्या कुटुंब कायद्याने पतीचे आपसूक कुटुंबप्रमुखपद काढून घेतले आणि पारंपरिक विवाहांना मान्यता दिली, ज्यांची गाठ दक्षिणेत आजही लोबोलोनेच बांधली जाते.